ऑर्किडवरची सावली कोकणात ऋतूप्रमाणे कशी बदलायची

कोकणात ऑर्किडचं पान करपलं की दोष मे महिन्याच्या माथी मारला जातो. माझ्या पाहण्यात मात्र जास्त पानं जळतात ती पाऊस सरताना, हस्त नक्षत्र संपता संपता आभाळ एकदम उघडतं तेव्हा. चार महिने ढगाखाली वाढलेलं कोवळं पान, आणि वर अचानक लाखभर लक्सचं ऊन (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). तेच झाड एप्रिलमध्ये याहून कडक ऊन मुकाट सोसून गेलेलं असतं. म्हणजे आज ऊन किती आहे एवढं पाहून भागत नाही, मागचे दोन महिने पान कुठल्या उजेडात वाढलं तेही पाहावं लागतं. शेडनेटची, म्हणजे सावलीच्या जाळीची, सगळी उघडझाप या हिशेबावर चालते.

पुढचं सगळं अंगणात, गच्चीवर किंवा अर्ध्या-एक गुंठ्यात ऑर्किड करणाऱ्यांसाठी आहे. मोटरवर सरकणारे पडदे असलेल्या मोठ्या पॉलीहाऊसवाल्यांना यातलं निम्मं लागणार नाही.

आधी उजेड मोजा

लक्स मीटर असेल तर उत्तम. नसेल तर मोबाईलवरचं लक्स मोजणारं ॲप चालतं. दोन फोन दोन वेगळे आकडे दाखवतील, त्याची काळजी करू नका. आपल्याला प्रमाण हवं आहे. स्वच्छ आभाळात दुपारी बाराच्या सुमारास उघड्यावर फोन आडवा धरून एक आकडा घ्या. लगेच आत जाऊन पानाच्या उंचीला दुसरा घ्या. आतल्या आकड्याला बाहेरच्या आकड्याने भागा. बाहेर ९० हजार आणि आत ३० हजार आले, तर तिसरा हिस्सा उजेड आत येतो आहे, म्हणजे सावली ६७ टक्के. काही फोन भर उन्हात एकाच आकड्यावर अडकून बसतात. अशा वेळी सेन्सरवर पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवून बाहेर आणि आत दोन्हीकडे मोजा. आकडे घसरतील, प्रमाण तेच राहील.

हे करायचं कारण असं की दुकानदाराने ५० टक्के म्हणून दिलेली जाळी छपरावर चढल्यावर ५० टक्के राहतेच असं नाही. रस्त्याकडेची तांबडी धूळ बसली की एप्रिलपर्यंत तीच जाळी ६० टक्क्यांवर जाते. उलट उन्हाने विरलेली जुनी जाळी गुपचूप जास्त ऊन आत सोडत असते.

जाळीवर जाळी घातली की टक्क्यांची बेरीज होत नाही. ५० टक्क्यांच्या दोन जाळ्या म्हणजे मिट्ट काळोख नव्हे. पहिलीतून निम्मा उजेड येतो, दुसरीतून त्याच्या निम्मा, म्हणजे सावली ७५ टक्के. ५० आणि ३५ टक्क्यांची जोडी जवळजवळ ६८ टक्के सावली देते. पावसासाठी वर २०० मायक्रॉनचा यूव्ही पेपर (उन्हाला टिकणारा पारदर्शक प्लास्टिकचा कागद) असेल तर नवा असतानाही तो दहा-पंधरा टक्के उजेड खातो, शेवाळ धरल्यावर आणखी जास्त.

कुठल्या ऑर्किडला किती लागतं? भर दुपारच्या उघड्या उन्हाचा उजेड लाखभर लक्सच्या आसपास असतो. त्यातला फॅलेनॉप्सिसला १० ते १५ हजार पुरतो. कॅटलिया आणि ऑन्सिडियम २० ते ३० हजारांत खूश असतात. सोनिया या जातीसारखी डेंड्रोबियम आणि पट्टीसारख्या पानांचा व्हँडा ३० ते ४० हजार मागतात. मोकारा त्याहून वर. पेन्सिलीसारख्या गोल पानांच्या व्हँडाला तर सावली देऊच नये, तो उघड्या उन्हातच फुलतो. हे सगळे एका जाळीखाली ठेवून सगळ्यांना फूल यावं अशी अपेक्षा धरू नका.

यंत्राशिवाय करायचं असेल तर पानाच्या फूटभर वर हात धरा. सावलीत बोटं न् बोटं स्पष्ट, काळी दिसली तर उजेड व्हँडाच्या लायकीचा. कडा फिसकटलेल्या पण हाताचा आकार कळतो, तर कॅटलियाचा. नुसताच अंधुक डाग पडला तर फॅलेनॉप्सिसचा. वापरून सवय झाली की फोन काढायचीही गरज पडत नाही.

रचना: बाहेरची जाळी वर्षातून दोनदा, आतली रोज

सावली बदलायची तर जाळी बदलता आली पाहिजे. आपल्याकडे निम्म्या शेडनेटमध्ये गोची इथेच होते. जाळी बाइंडिंग तारेने आवळून कायमची बांधलेली असते आणि मग पाऊस असो की ऊन, झाडं त्याच उजेडात.

माझी पसंती अशी आहे: छप्पर दहा ते बारा फूट उंच. त्यावर यूव्ही पेपर. पेपरच्या वर फूटभर अंतर सोडून, वेगळ्या दोरांवर, ५० टक्क्यांची जाळी. ही झाली बाहेरची. पेपरच्या खाली, साधारण आठ-नऊ फुटांवर, ३५ टक्क्यांची जाळी तारेवर कड्यांनी अडकवलेली, खिडकीच्या पडद्यासारखी नायलॉन दोरी आणि कप्पीने मागे-पुढे सरकणारी. ही आतली.

बाहेरची जाळी पेपरच्या वर ठेवायची कारण तिने अडवलेली उष्णता बाहेरच राहते आणि वाऱ्यावर जाते. जाळी आत असली की ऊन आधी आत शिरतं, जाळी तापते आणि ती उष्णता छपराखालीच कोंडते. जाळी पेपरला चिकटलेली असणं त्याहून वाईट, टेकते तिथे पेपर लवकर विरतो. मग आतली का आत ठेवायची? कारण ती रोज हलवायची आहे, आणि भर पावसात कोणी छपरावर चढणार नाही.

या मांडणीत चार जोड्या मिळतात. लाखभर लक्सच्या उन्हात नुसत्या पेपरखाली ८५-८८ हजार, पेपर आणि आतली जाळी मिळून सुमारे ५७ हजार, पेपर आणि बाहेरची मिळून ४४ हजार, तिन्ही मिळून २८-२९ हजार. फॅलेनॉप्सिसच्या कोपऱ्यावर आणखी एक ५० टक्क्यांचा तुकडा कायमचा बांधून टाका. तोही नको असेल तर टांगलेल्या व्हँडाच्या खाली त्यांची जागा करा.

गच्चीवर कप्पीचा खटाटोप नको असेल तर जाळीच्या तीन-चार फुटी पट्ट्या करा आणि गरजेप्रमाणे एक आड एक काढा. पट्ट्या उत्तर-दक्षिण बांधायच्या. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना त्यांची सावली कुंड्यांवरून सरकत जाते, एकाच झाडावर तासन्‌तास ऊन राहत नाही. पूर्व-पश्चिम बांधल्या तर फटीखालचं झाड दुपारभर भाजतं.

रंगाबद्दल फार वाद होतात. हार्डवेअरच्या दुकानात हिरवीच मिळते, पण झाडं हिरवा उजेड सगळ्यात कमी वापरतात, तेव्हा नवी घेताना पांढरी किंवा काळी बघा. पांढरी उजेड पसरवून देते, मात्र शेवाळ लवकर धरते. काळी तापते, पण ती वर उंचावर असेल तर बिघडत नाही. आहे ती हिरवी फेकून द्यायची गरज नाही. धागा मात्र गोल असलेला, मोनो म्हणतात तो, घ्या. चपट्या पट्टीची जाळी किनाऱ्याच्या वाऱ्यात फडफडून विरते. आणि खाऱ्या हवेत साधी तार टिकत नाही, तेव्हा बांधायला नायलॉन दोरी, आणि गाठ अशी की एका हाताने सुटली पाहिजे. का ते आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामात येईल.

पश्चिमेचा पेच

घाटावरच्या पुस्तकी सल्ल्यात पश्चिमेला जाड जाळी लावा असं असतं, कारण दुपारचं तिरपं ऊन त्या बाजूने येतं. कोकणात पश्चिमेला समुद्र आहे. ज्या बाजूने जाळणारं ऊन येतं त्याच बाजूने गार करणारा वारा येतो. जमिनीपासून छपरापर्यंत ७५ टक्क्यांची जाळी ताणली की ऊन अडतं खरं, पण वाराही अडतो. आत हवा साचते आणि पान सावलीतही तापतं.

यावर उपाय म्हणजे भिंत न करता पाखा काढणं. पश्चिमेला छपराच्या कडेपासून जाळीचा चार-पाच फुटांचा तिरपा पाखा बाहेर काढा, आणि खाली बाकाच्या पातळीपर्यंत मोकळं सोडा. उभा पडदा हवाच असेल तर ३५ टक्क्यांचा पांढरा, आणि खालचे तीन फूट उघडे. जागा असेल तर दहा-बारा फूट अंतरावर केळीची किंवा पोफळीची एक ओळ हे सगळ्यात देखणं उत्तर आहे. ऊन चाळून येतं आणि वारा बुंध्यांमधून वाहतो.

पाखा किती लांब न्यायचा हे ऋतूवर ठरतं. उन्हाळ्याच्या शेवटी सूर्य ऐन पश्चिमेला मावळत नाही. जूनमध्ये रत्नागिरीच्या अक्षांशावर तो पश्चिमेपासून जवळजवळ २५ अंश उत्तरेकडे सरकून मावळतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये वायव्येच्या कोपऱ्यातल्या कुंड्या भाजतात आणि मालकाला कळत नाही की उत्तरेकडे ऊन आलं कुठून. पाखा त्या कोपऱ्याला वळवून उत्तर बाजूला पाच-सहा फूट न्या.

थंडीत उलट. डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य इथे क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवरच असतो, तोही दक्षिणेला. दहा फूट उंच छपराच्या दक्षिण कडेखालून ऊन जमिनीवर साडेआठ फूट आत येतं. अडीच फुटी बाकावर मोजलं तर सहा फुटांच्या थोडं पुढे. या पट्ट्यातल्या झाडांच्या डोक्यावर जाळी असून नसल्यासारखी. दक्षिण कडेला मोकारा आणि डेंड्रोबियम ठेवले तर हे फुकटचं ऊन कामी येतं. फॅलेनॉप्सिस तिथे असेल तर कार्तिकात हलवा.

माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत

लोक आतली जाळी एप्रिल उजाडला की आठवतात. किनाऱ्यावर त्याआधीच गरज पडते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून पूर्वेचा कोरडा वारा सुटतो. समुद्राकडचा वारा त्याच्यामुळे दुपारी उशिरा आत येतो आणि पारा एकदम चढतो. हवामान विभाग किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंशांपर्यंत जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट धरतो, आणि कोकणात अशी लाट मार्चमध्येही येते. शिमग्याची पालखी दारात यायच्या आधी कप्प्या आणि दोऱ्या तपासून ठेवा.

रोजचा क्रम सोपा आहे. बाहेरची जाळी आहेच. आतली साडेदहा-अकराला ओढायची, साडेतीन-चारला उघडायची. सकाळचं ऊन झाडाला पूर्ण मिळू द्या, तेच फुलासाठी कामाचं. नोकरीमुळे दिवसभर घरी नसाल तर पश्चिमेकडच्या अर्ध्या भागावर आतली कायम ओढून ठेवा, पूर्वेकडचा भाग मोकळा सोडा.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. उकाडा कमी व्हावा म्हणून सावली वाढवत नेऊ नका. मेमध्ये घाबरून दुहेरी, तिहेरी जाळी घालणाऱ्यांकडे डेंड्रोबियम हिरवंगार, उंच आणि बिनफुलाचं असतं. उकाड्यावर औषध हवा आणि पाणी. तेही महिन्याप्रमाणे. मार्चची हवा कोरडी असते, तेव्हा खाली पसरलेली जांभ्याची खडी अकरा आणि दोनला भिजवली की आत लगेच फरक पडतो. मेमध्ये हवेतच इतका दमटपणा असतो की खडी भिजवून फार गारवा येत नाही. तेव्हा बाजू मोकळ्या ठेवून वारा खेळता ठेवणं आणि गरज पडली तर पंखा लावणं एवढंच हातात राहतं.

पान तापलंय का ते दुपारी दोनला हाताच्या पाठीने पाहा. हवेइतकंच लागलं तर ठीक. चटका नाही पण स्पष्ट कोमट लागलं तर आतली जाळी अर्धा तास आधी ओढायला सुरुवात करा.

पेपरवर चुना मारून सावली करतात. घाटावर ठीक, इथे वळवाचा एक पाऊस तो अर्धामुर्धा धुऊन टाकतो आणि छपरावर नकाशे उमटतात. मी त्याच्या वाटेला जात नाही.

रानातल्या आमरींचं, म्हणजे रानटी ऑर्किडचं, गणित वेगळं आहे. सीतेची वेणी ऐनासारख्या पानगळीच्या झाडावर वाढते तेव्हा ऐन उन्हाळ्यात तिच्यावर सावली उरत नाही, आणि पावसाच्या तोंडावर ती फुलते. वारा-पावसात पडलेल्या फांदीवरची मिळाली असेल, तर तिला शेडनेटच्या आत कोंडू नका, अंगणातल्या आंब्याच्या बाहेरच्या फांदीवर बांधा. रानातून ओरबाडून तर आणूच नका.

आगोटीची कामं

पावसाळ्याआधी पडवीला झाप बांधतात, लाकूडफाटा आत घेतात, तसं शेडनेटचं काम रोहिणी नक्षत्रात, २५ मेच्या आसपास, हातावेगळं करावं. पेपर ओल्या फडक्याने पुसा, जाळीवरची धूळ पाइपने धुवा, सैल झालेले दोर ताणा.

बाहेरची जाळी कधी उतरवायची? मृगाची पहिली सर आली म्हणून लगेच नाही. पाऊस बऱ्याचदा एक हजेरी लावून आठवडाभर दडी मारतो. चार-पाच दिवस सलग ढगाळ गेले की उतरवा. मात्र आर्द्रा लागेपर्यंत, २२ जूनपर्यंत, काम झालेलं असावं. त्यानंतर माणसं भाताच्या लावणीला जातात आणि दोर सोडायलाही कोणी मिळत नाही. उतरवल्यावर दोन-चार दिवस ऊन पडलंच तरी फारसं बिघडत नाही. उन्हाळ्यात तयार झालेलं पान जाड आणि राठ असतं, आतली जाळी ओढली की भागतं.

वादळाचा इशारा आला तर हे सगळं वेळापत्रक बाजूला. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तौक्ते मे २०२१ च्या मध्यावर कोकणाला खेटून गेलं. दोन्ही वेळा बाहेरची जाळी अजून वर असण्याचेच दिवस. ताणलेली जाळी शिडासारखी वारा धरते आणि स्वतःबरोबर पाइपही उखडते. इशारा मिळताच ती सोडून गुंडाळायची. एका हाताने सुटणारी गाठ म्हणतो ती यासाठी. टांगलेले व्हँडा खाली उतरवून जमिनीवर आडवे ठेवा.

जाळी उन्हात पूर्ण सुकवल्याशिवाय गुंडाळू नका, आणि पडवीच्या वाशाला टांगा. कोपऱ्यात ठेवलेली जाळी पावसाळ्यात उंदरांचं बाळंतघर होते.

पावसात

दाट ढगाच्या दिवशी बाहेर दुपारी १५-२० हजार लक्स असले तरी पुष्कळ, मुसळधारेत ते पाच हजारांवर येतात. बाहेर २० हजार असताना नुसत्या पेपरखाली १७ हजार मिळतात. उन्हाळ्यातली बाहेरची जाळी तशीच राहिली असेल तर नऊ हजार, दोन्ही असतील तर सहाच्या खाली. डेंड्रोबियम एवढ्यात जगतं, पण नवीन फुटवे बारीक येतात, पान मऊ राहतं आणि काळी कूज त्यालाच आधी धरते. पावसाळ्यात औषधं मारून थकलेल्या पुष्कळांची खरी अडचण छपरावर बांधून राहिलेली जाळी असते.

तेव्हा आषाढात आतली पूर्ण उघडी, बाजूच्या जाळ्या काढलेल्या, कुंड्या एकमेकींपासून हातभर लांब. फॅलेनॉप्सिसही कडेला, उजेडाकडे. खत निम्म्यावर आणा, उजेड नसताना झाड ते वापरू शकत नाही. कुंडीतल्या सोडणांना (नारळाच्या सालींना) आणि कोळशाला सुकायला वेळ मिळाला पाहिजे.

शेजारच्या पोफळीवर कोळेरोगासाठी बोर्डो मारत असतील तर त्या दिवशी त्या बाजूला ताडपत्री सोडा. बोर्डोत मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, असतं, आणि डेंड्रोबियमला तांबं सोसत नाही.

श्रावणात उघडीप मिळायला लागते, तिथे सावध राहायचं. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे मध्यान्ही सूर्य ऐन डोक्यावर असण्याचा दिवस, वर्षातून दोनदा येतो. रत्नागिरीला ८ मे आणि ५ ऑगस्टच्या सुमारास, सावंतवाडीला मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ९ ऑगस्टच्या आसपास, अलिबागला मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. म्हणजे ढग फाटले की श्रावणातलं ऊन मेइतकंच उभं, डोक्यावरून पडतं, आणि हवा धुऊन निघालेली असल्याने धूळही ते अडवत नाही. सकाळी दहा ते तीनमध्ये तासाभरापेक्षा जास्त वेळ हाताची सावली काळी पडली की आतली ओढा. ढग आले की उघडा. रोज घरी नसणाऱ्यांनी नारळी पौर्णिमेपासून आतली जाळी अर्ध्यावर ओढून ठेवावी, थोडा उजेड गेला तरी चालेल.

हस्त, चित्रा, स्वाती

लेखातला महत्त्वाचा भाग हाच, तेव्हा तारखा वहीत लिहून ठेवा. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, त्यामुळे त्यांच्या तारखा दरवर्षी जवळजवळ त्याच: उत्तरा १३ सप्टेंबरला, हस्त २७ ला, चित्रा १० ऑक्टोबरला, स्वाती २४ च्या सुमारास. सण चंद्रावर असतात, ते तीन-चार आठवडे इकडे-तिकडे होतात. म्हणून जाळी दसऱ्यावर बांधू नका, नक्षत्रावर बांधा.

पहिली पायरी उत्तरा नक्षत्रात. पेपरवर चार महिन्यांचं शेवाळ असतं. पावसाची सर चालू असतानाच लांब दांड्याच्या मऊ ब्रशने ते घासून काढा, पाणी वरून आहेच. पेपर स्वच्छ झाला की आत उजेड वाढणार, म्हणून त्याच आठवड्यात बाहेरची जाळी परत चढवा. हे दिवस बऱ्याचदा गणपती जाऊन पितृपक्ष लागायचे असतात. पितृपक्षात नवं काम काढत नाहीत म्हणे, पण ही जाळी जुनीच आहे.

जाळी ऊन पडायच्या आधी चढली पाहिजे. ऊन पडल्यावर चढवू म्हणणाऱ्याची दोन दुपारींत पानं जातात. मध्ये आठवडाभर जास्त अंधार झाला तर झाड रुसत नाही.

दुसरी पायरी हस्तात. पाऊस विजा घेऊन संध्याकाळी येतो, सकाळी कडक ऊन. बाहेरची जाळी वर, आतली सकाळी नऊपासून ओढलेली. आत २८ हजारांच्या आसपास उजेड राहील. फॅलेनॉप्सिस कडेवरून आपल्या कोपऱ्यात परत.

तिसरी पायरी चित्रात. पाऊस परतलेला, वारा पडलेला, आणि ऑक्टोबर हीट म्हणतात ती. आतली नऊऐवजी दहाला ओढा, चार-पाच दिवस पाहा. पुढे साडेदहा, मग अकरा. संध्याकाळी उघडायची वेळ चारवरून साडेतीनवर आणा. दर बदलानंतर नवीन, वरची दोन पानं बघा. ती किंचित पोपटी होत असतील तर पुढे जा. पिवळट, निस्तेज झाली तर आहे तिथे आठवडाभर थांबा.

स्वाती लागेपर्यंत आतली फक्त बारा ते तीन. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती दिवसभर उघडी. एवढ्या सहा-सात आठवड्यांत पावसाळ्यात फुटलेलं पान पुढच्या उन्हासाठी तयार होतं. घाई करून दोन आठवड्यांत उरकलंत तर खालची पानं वाचतील, कोवळा शेंडा नाही.

बाहेरच्या शेडनेटमधून आणलेली नवी झाडं याच महिन्यात येतात. ती किती उजेडात वाढली हे आपल्याला माहीत नसतं. पहिले दोन आठवडे त्यांना फॅलेनॉप्सिसच्या कोपऱ्यातच ठेवा, मग त्यांच्या जागेवर.

थंडी

कोकणच्या थंडीत फार काही करायचं नसतं. डिसेंबरची दुपार लाखावरून ७५ हजारांच्या आसपास उतरलेली असते, त्यामुळे बाहेरच्या जाळीखाली ३३ हजार मिळतात, डेंड्रोबियमला मापात. मोकाराच्या डोक्यावरची बाहेरची जाळी पट्ट्यांची असेल तर एक आड एक काढा. दक्षिणेचं ऊन आत शिरतं ते वर सांगितलंच. पानझडीची रानटी डेंड्रोबियम याच दिवसांत पानं टाकतात, त्यांना मेलेलं समजून पाणी पाजत बसू नका. त्यांना कोरडं आणि उजेडात ठेवा.

पान वाचायचं कसं

गडद हिरवं, लांब, लोंबणारं पान उजेड कमी असल्याचं सांगतं. पोपटी, ताठ पान हवं आहे. कडेला जांभळट-तांबूस झाक आली तर तुम्ही मर्यादेवर आहात, व्हँडा आणि कॅटलियात ती थोडी चालते. पिवळं पडून फिकट व्हायला लागलं तर उद्यापासूनच सावली वाढवा.

जळलेला डाग ओळखायला सोपा. उन्हाच्या बाजूला, पानाच्या सगळ्यात वर आलेल्या वाकावर तो पडतो. पहिल्या दिवशी पांढुरका, आठवड्यात बदामी, कागदासारखा कोरडा, भोवती काळपट रेघ. बोट लावलं तर खरखरीत, आणि तो पसरत नाही. कुजेचा डाग ओला, काचेसारखा पारदर्शक, दाबला तर पाणी सुटतं, वास येतो, आणि सकाळी नखाएवढा असलेला संध्याकाळी बोटाएवढा होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात दोन्ही एकाच बाकावर सापडतात. म्हणून डाग दिसला की आधी हात लावून पाहा, मग जाळीकडे वळायचं की औषधाकडे ते ठरवा.

जळकं पान कापायची घाई करू नका. उरलेला हिरवा भाग झाडाला अन्न देतच असतो. सावली आधी दुरुस्त करा, पुढची दोन पानं नीट आली की मग तो काढा. कुजेचं मात्र त्याच दिवशी, डागाच्या दोन बोटं पुढे हिरव्यात जाऊन कापा, ब्लेड प्रत्येक झाडाआधी आचेवर धरून, आणि ती कुंडी आठवडाभर बाकाच्या टोकाला, वाऱ्याच्या तोंडावर एकटी ठेवा.